संशोधन प्रश्न आणि परिकल्पना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चा प्रकल्प, एम.एड.चा लघुशोधप्रबंध, पीएच.डी.चा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), शाळेचा विज्ञान प्रकल्प अशा निमित्तांनी कोल्हापूर आणि आसपासचे विद्यार्थी-शिक्षक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उदाहरणं मुद्दाम गुऱ्हाळ, रंकाळा आणि पंचगंगेची घेतली, म्हणजे पटलं नाही तर तुम्हाला तिथे जाऊन बघता येईल. वेळ कमी असेल तर आधी ५, १० आणि ११ वाचा. सिनॉप्सिस परत येतात ते बहुतेक वेळा तिथल्याच चुकांमुळे.

१. गाइड म्हणतात, "विषय ठीक आहे, पण प्रश्न कुठंय?" विषय आणि संशोधन प्रश्न वेगळे असतात का?

हो, वेगळे असतात. "रंकाळ्याचे प्रदूषण" हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर काम करता येईल आणि एकही उत्तर मिळणार नाही. प्रश्नात काय मोजायचं, कुठे, केव्हा आणि कशाशी ताडून बघायचं, हे चारही आलं पाहिजे. उदाहरणार्थ : "सांडपाण्याचा नाला जिथे रंकाळ्याला मिळतो तिथून १०० मीटरच्या आत आणि समोरच्या काठाला, मे महिन्यात पहाटे ६ वाजता, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक असतो?"

यातली पहाटेची वेळ महत्त्वाची आहे. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र सगळे श्वसनासाठी तो वापरतच राहतात. त्यामुळे त्याचं प्रमाण पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतं. एका जागेचा नमुना सकाळी आणि दुसऱ्या जागेचा दुपारी घेतला, तर तुम्ही जागांमधला फरक न मोजता घड्याळाचा फरक मोजून आलात. "केव्हा" हा शब्द प्रश्नात लिहिलेला असेल तर ही चूक तलावावर जाण्याआधीच लक्षात येते.

२. परिकल्पना, गृहीतक, अभ्युपगम हे सगळं एकच का?

अभ्युपगम हा परिकल्पनेसाठीचा जुना शब्द आहे. परिकल्पना आणि गृहीतक यांच्यात मात्र गल्लत करू नका. परिकल्पना तुम्ही तपासणार असता. गृहीतक तुम्ही न तपासता मान्य करून पुढे जाता, जसं "विद्यार्थ्यांनी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली आहे". काही पुस्तकांत "गृहीतक" हाच शब्द परिकल्पनेसाठी वापरलेला दिसेल, म्हणून आपल्या प्रबंधात कोणता शब्द कोणत्या अर्थाने आहे ते पहिल्या प्रकरणात एकदा स्पष्ट लिहा. या पानावर परिकल्पना म्हणजे तपासायचं विधान.

३. सर, प्रश्नच सुचत नाही. कुठून आणू?

लोक जिथे ठामपणे बोलतात तिथून आणा. गुऱ्हाळावर जा आणि दोन तास चुलवाणाजवळ बसा. गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) सांगेल, रानभेंडीचा रस घातल्याशिवाय मळी नीट वर येत नाही. तो असंही सांगेल, की हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) घातलेला गूळ आज पिवळाधमक दिसतो पण पुढे काळा पडतो. खोडव्याच्या उसाचा गूळ कसा होतो, खारवट जमिनीतल्या उसाचा कसा होतो, यावरही त्याचं मत असेल. ही सगळी विधानं अनुभवातून आलेली आहेत, कुणी तपासलेली आहेत, कुणी नाहीत. एका बैठकीत वहीत दहा प्रश्न जमतात.

मग वाचायला बसा. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, आणि देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जुना प्रबंध उघडलात की आधी शेवटचं प्रकरण वाचा. "पुढील संशोधनासाठी सूचना" या मथळ्याखाली आधीच्या माणसाने आपल्याला न जमलेलं लिहून ठेवलेलं असतं. ते तसंच उचलू नका, पण कुठे वाट अडली ते तिथे कळतं.

उलटा क्रम करू नका. आधी वाचून आणि मग गुऱ्हाळावर गेलेल्या मुलांना तिथे फक्त पुस्तकातलंच दिसतं, असा माझा अनुभव आहे.

४. माझा प्रश्न चांगला आहे की नाही हे कसं ओळखू?

निकालाचा कोरा तक्ता काढा. रकान्यांना नावं द्या, ओळींना नावं द्या, आकडे मोकळे सोडा. तक्ता काढताच येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे. तक्ता झाला की त्यात दोनदा मनाने आकडे भरा : एकदा तुम्हाला अपेक्षित असलेले, एकदा बरोबर उलटे. दोन्ही वेळा निष्कर्ष वेगळा निघतो का? दोन्ही वेळा तुम्ही तोच निष्कर्ष लिहिणार असाल, तर मोजण्याचे कष्ट कशाला घ्यायचे?

बाकी गोष्टी व्यवहाराच्या आहेत : उपकरण मिळेल का, परवानगी मिळेल का, हंगाम साधेल का. गुऱ्हाळं पावसाळ्यानंतर सुरू होतात आणि उन्हाळ्यात बंद होतात. मे महिन्यात सिनॉप्सिस मंजूर झाला तर पहिला नमुना हाती यायला पाच-सहा महिने थांबावं लागतं.

५. परिकल्पना नेमकी कशी लिहायची?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. विद्यार्थी पहिल्यांदा लिहून आणतात : "सेंद्रिय गूळ आरोग्यासाठी चांगला असतो." कोणाचं आरोग्य, चांगला म्हणजे काय, कशाच्या तुलनेत, काहीच नाही. दुसऱ्या खेपेला येतं : "रासायनिक पद्धतीने केलेला गूळ लवकर खराब होतो." थोडं पुढे आलो. पण खराब म्हणजे बुरशी, पाझर की रंग? लवकर म्हणजे किती दिवसांत?

आता हे बघा : "एकाच शेतातल्या को ८६०३२ जातीच्या उसापासून एकाच गुऱ्हाळात केलेल्या गुळापैकी, हायड्रॉस घातलेला गूळ पहिल्या दिवशी रानभेंडीने साफ केलेल्या गुळापेक्षा उजळ असेल, पण ९० दिवस साठवल्यावर त्याच्या रंगातला बदल जास्त असेल. कारण हायड्रॉस रंगद्रव्यं काढून टाकत नाही, फक्त त्यांचं क्षपण करतो, आणि हवेच्या संपर्कात ती पुन्हा गडद होतात."

यात तुलना आहे, मोजमाप आहे (गूळ पाण्यात विरघळवून, गाळून कलरीमीटरवर), मुदत आहे. आणि "कारण" आहे. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. कारण लिहिलं की त्यातून आणखी एक भाकीत आपोआप निघतं : हवाबंद ठेवलेल्या गुळात हा फरक कमी दिसला पाहिजे. म्हणजे त्याच उसावर दुसरी तपासणी झाली, आणि ती पहिलीपेक्षा कडक आहे.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ साली मांडलेली कसोटी इथे लावा. कोणता निकाल आला तर माझं विधान चुकलं असं मी मान्य करीन? तो निकाल परिकल्पनेखाली एका ओळीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर ती परिकल्पना नाही.

६. मला फरक आहे असं दाखवायचंय, मग "फरक नाही" अशी शून्य परिकल्पना कशाला लिहायची?

कारण "फरक आहे" या विधानातून आकडा निघत नाही. किती फरक, ते त्यात सांगितलेलंच नसतं. "फरक नाही" असं धरलं की निव्वळ योगायोगाने काय काय घडू शकतं ते मोजता येतं.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या पुस्तकात दिलेलं चहाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशर यांची मांडणी अशी : आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. बाईंनी दूध आधी असलेले चार कप ओळखायचे. आठांतून चार कप निवडायच्या ७० रीती आहेत आणि पूर्ण बरोबर एकच. म्हणजे चव अजिबात कळत नसतानाही सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, सुमारे १.४ टक्के. चारांपैकी तीन किंवा जास्त बरोबर आले तरी चालेल असं ठरवलं, तर अशा रीती १७ होतात आणि शक्यता २४ टक्क्यांवर जाते. एका कपाची सूट दिली की पुरावा एवढा पातळ होतो.

हाच प्रयोग तांबड्या रश्श्यावर करून बघा : आठ वाट्या, चार चुलीवरच्या, चार गॅसवरच्या. वर्गात शून्य परिकल्पना शिकवायला मला याहून चांगली रीत सापडलेली नाही.

७. एकदिश परिकल्पना घेऊ की द्विदिश?

द्विदिश. एकदिश म्हणजे फरक कोणत्या बाजूचा तेही आधीच सांगणारी, द्विदिश म्हणजे कोणत्याही बाजूचा फरक धरणारी. "जास्त असेल" असं म्हणायला आधीच्या अभ्यासाचा भक्कम आधार असेल, आणि उलटा निकाल आला तर "शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही" एवढंच म्हणायची तुमची तयारी असेल, तरच एकदिश घ्या. पी व्हॅल्यू (अर्थ प्रश्न ८ मध्ये) निम्मी व्हावी म्हणून घेऊ नका. प्रश्न ५ मधल्या परिकल्पनेत दिशा आहे, तरी तिची संख्याशास्त्रीय चाचणी द्विदिशच ठेवावी असं माझं मत आहे.

८. पी व्हॅल्यू ०.०३ आली. म्हणजे माझी परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९७ टक्के ना?

नाही. ही चूक छापील प्रबंधांतही दिसते. पी व्हॅल्यू सांगते ते असं : शून्य परिकल्पना खरी आहे आणि चाचणीच्या अटी पाळल्या आहेत असं धरलं, तर इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के. तुमची परिकल्पना खरी असण्याबद्दल ती काही सांगत नाही. चहाच्या उदाहरणातले १.४ टक्के हीच पी व्हॅल्यू आहे. बाईंची जीभ तीक्ष्ण असण्याची शक्यता त्यातून ९८.६ टक्के होत नाही.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी व्हॅल्यूबद्दल निवेदन काढलं. त्यात हा मुद्दा स्पष्ट आहे, आणि पी व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा निकालाचं महत्त्व मोजत नाही, हाही. म्हणून तक्त्यात प्रत्यक्ष फरक किती आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा) किती, हे आधी लिहा. पी व्हॅल्यू शेवटच्या रकान्यात.

९. पी ०.१८ आली. "दोन्ही गुळांत फरक नाही हे सिद्ध झाले" असं लिहू का?

लिहू नका. "शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही" एवढंच लिहा. फरक नसेल, किंवा असेल आणि तुमचा अभ्यास तो पकडण्याइतका मोठा नसेल. यातलं काय, ते विश्वास अंतराल बघून कळतं. तो अंतराल इतका अरुंद असेल की व्यवहारात महत्त्वाचा ठरेल असा कोणताही फरक त्यात बसत नाही, तर "मोठा फरक नाही" म्हणायला आधार आहे. रुंद असेल तर अजून काहीच कळलेलं नाही.

आधीच अंदाज घ्यायचा तर साधा हिशोब आहे. अपेक्षित फरकाला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याच्या मापाने) भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि १६ ला त्याने भागा. प्रत्येक गटात साधारण तेवढे नमुने हवेत (५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना तो असल्याचा खोटा इशारा मिळण्याची शक्यता; ८० टक्के क्षमता, म्हणजे फरक असताना तो पकडण्याची शक्यता). फरक एका प्रमाण विचलनाइतका असेल तर १६ पुरतात. निम्मा असेल तर ६४ लागतात.

१०. ३० नमुने घेतले की पुरतात ना? सगळे तसंच सांगतात.

३० हा आकडा कुठल्याही प्रश्नाला लागू पडणारा नाही. किती लागतात त्याचा हिशोब वर ९ मध्ये दिला. पण त्याहून मोठा प्रश्न आहे, नमुना म्हणजे काय?

एक विद्यार्थिनी गुळाचे ३० तुकडे घेऊन आली. पिशव्या स्वच्छ, लेबलं नीट, मेहनत डोळ्यांत दिसत होती. मी विचारलं, किती गुऱ्हाळं? एक. किती आधणं (आधण म्हणजे काहिलीत एका वेळी शिजवलेला गूळ)? दोन : एक हायड्रॉसचं, एक भेंडीचं. प्रत्येक आधणाच्या रव्यांमधून (ढेपांमधून) १५ तुकडे. तिच्याकडे ३० आकडे होते, पण प्रत्येक पद्धतीचा नमुना एकच होता. एका काहिलीतल्या सगळ्या गुळाला एकच रस, एकच आच, एकच गुळव्या. ते १५ तुकडे एकमेकांसारखे असणारच. दोन काहिलींमध्ये फरक दिसला तरी तो पावडरीचा की जरा जास्त लागलेल्या जाळाचा, हे सांगायला काही साधन नाही. पर्यावरणशास्त्रात स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला नाव देऊन ती किती पसरली आहे ते दाखवलं होतं. मराठीत मी तिला खोटी पुनरावृत्ती म्हणतो.

आम्ही मांडणी बदलली. बारा गुऱ्हाळं घ्यायची, प्रत्येक ठिकाणी त्याच दिवशी, त्याच उसाची दोन आधणं, एक या पद्धतीचं आणि एक त्या. पहिलं कोणतं ते नाणं उडवून ठरवायचं. प्रत्येक आधणातले तीन तुकडे तपासायचे आणि त्यांची सरासरी हा एक आकडा धरायचा. म्हणजे फरकाच्या बारा जोड्या मिळाल्या. तुकडे ७२, पण विश्लेषणात संख्या १२. जोडी एकाच गुऱ्हाळातली असल्याने ऊस, माती, गुळव्या यांचा फरक आपोआप वजा झाला. म्हणून स्वतंत्र गटांसाठी लागतात तेवढे नमुने इथे लागत नाहीत.

शाळांच्या अभ्यासातही हेच होतं. नवी अध्यापन पद्धत एका वर्गाला, जुनी दुसऱ्या वर्गाला, दोन्हींत ४० मुलं. मुलं ८०, पण पद्धतीची तुलना एका वर्गाची दुसऱ्या एका वर्गाशी. एम.एड.ला बहुधा एवढंच शक्य असतं, ते मला मान्य आहे. मग मर्यादांमध्ये ते सरळ लिहा आणि निष्कर्ष त्या दोन वर्गांपुरता ठेवा.

११. डेटा बघितल्यावर परिकल्पना बदलली तर चालते का?

नवी परिकल्पना सुचली तर आनंदच आहे. ती "या अभ्यासातून सुचलेली, अजून न तपासलेली" म्हणून लिहा. तीच आधीपासून मनात होती असं दाखवून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाकणं मात्र चूक आहे. ज्या आकड्यांवरून विधान सुचलं त्याच आकड्यांनी ते तपासलं तर ते बरोबरच येणार, त्यात तपासणी कुठली? मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली या सवयीवर सविस्तर लिहिलं.

आधी लिहून ठेवल्याने काय फरक पडतो त्याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. अमेरिकेतल्या हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या हृदयरोगावरच्या मोठ्या चाचण्या दोघा संशोधकांनी २०१५ साली तपासल्या. २००० सालाआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. २००० पासून मुख्य निकष आधी नोंदवणं सुरू झालं, त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांत तो दिसला. घसरणीला इतरही कारणं असू शकतात, पण नोंदणीकडे बोट जातं. आपल्याकडे माणसांवरच्या औषधचाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या भारतीय चाचणी-नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे.

तुम्ही निदान एवढं करा. पहिला नमुना घेण्याआधी परिकल्पना, मोजमाप आणि चाचणी एका पानावर लिहून गाइडना ई-मेल करा. त्यावर तारीख आपोआप पडते. नंतर बदल केला तर तोही कारणासह कळवा.

१२. पाण्याचे १२ घटक मोजले, त्यातला एक "सार्थक" आला. तो धरू का?

प्रत्येक चाचणीत ५ टक्के खोट्या इशाऱ्याची मुभा तुम्ही दिली आहे. बारा स्वतंत्र चाचण्यांत एकही खरा फरक नसताना निदान एक इशारा मिळण्याची शक्यता ४६ टक्के होते, जवळजवळ छापा-काटा. एकतर मुख्य घटक आधीच एक ठरवा (प्रश्न ११), नाहीतर बॉन्फेरोनी पद्धतीने ०.०५ ला १२ ने भागून ०.००४२ ही पातळी लावा. आणि बाराच्या बारा निकाल तक्त्यात द्या. उरलेले अकरा लपवले तर वाचणाऱ्याला हा हिशोब करताच येत नाही.

१३. मी कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांच्या मुलाखती घेतेय. परिकल्पना हवीच का?

नको. पुढची पिढी हा धंदा का सोडते, भौगोलिक मानांकनाचा कारागिराला काय अर्थ वाटतो, असे प्रश्न ऐकून समजून घ्यायचे आहेत. त्यांना संशोधन प्रश्न पुरतो. विद्यापीठाच्या नमुन्यात परिकल्पनेचा रकाना आहे म्हणून ओढूनताणून विधान लिहू नका. "लागू नाही, अभ्यास गुणात्मक" असं लिहा आणि त्यामागचं कारण दोन ओळींत द्या.

१४. पूर काही प्रयोगशाळेत आणता येत नाही. मग "पूर अलमट्टीमुळे येतो" यासारखं विधान तपासायचं कसं?

हा प्रश्न २०१९ नंतर सुरू झाला आणि २०२१ नंतर वाढला. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना कारण हवं असतं, आणि ते विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

प्रयोग करता येत नाही तेव्हा अनेक परिकल्पना एकाच वेळी समोर ठेवायच्या. भूशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० सालीच हा मार्ग सांगितला : एकच परिकल्पना बाळगली की तिच्यावर माया जडते. इथे निदान तीन आहेत : खालच्या बाजूने (कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाकडून) मागे चढत येणारा पाण्याचा फुगवटा, पाणलोटातला अतिवृष्टीचा भार, आणि पूरक्षेत्रातले भराव व बांधकामं. आता प्रत्येकीला विचारा, तू खरी असशील तर आणखी काय दिसलं पाहिजे?

फुगवटा कारण असेल तर पाणी खालून वर चढत आलं पाहिजे : आधी राजापूर बंधारा, मग नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम, मग शिरोळकडून वर. नदीच्या पाण्याचा उतार मंदावला पाहिजे, म्हणजे राजाराम बंधारा आणि नृसिंहवाडी इथल्या पातळ्यांतला फरक कमी झाला पाहिजे. त्यासाठी दोन्ही पातळ्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या हव्यात, फुटांच्या स्थानिक पट्टीवरून हे जमत नाही. शिवाय फुगवटा कृष्णेच्या स्वतःच्या पुराचाही असू शकतो, तो वेगळा काढावा लागेल. अतिवृष्टी कारण असेल तर गगनबावडा-राधानगरीच्या पावसानंतर आधी वरच्या बाजूला, प्रयाग चिखलीकडे पाणी वाढलं पाहिजे. भराव कारण असेल तर पातळीतली उडी त्या भरावाच्या लगेच वरच्या बाजूला दिसेल, सगळीकडे सारखी नाही.

तिन्ही कारणं एकत्रही असू शकतात, मग प्रश्न "कोणतं" असा न राहता "कोणाचा वाटा किती" असा होतो. आणि फक्त पुराची वर्षं घेऊ नका. अलमट्टी भरलेलं असूनही पूर आला नाही अशी वर्षं, आणि पाऊस खूप होऊनही पातळी ४३ च्या खाली राहिली अशी वर्षं, यांच्याशिवाय तुलनाच होत नाही.

१५. आठवीच्या मुलांना परिकल्पना कशी शिकवू? बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करायचाय.

"मला वाटतं... कारण... ते चुकलं असेल तर मला असं दिसेल..." ही तीन वाक्यं पूर्ण करायला सांगा. संज्ञा नंतर आल्या तरी चालतात. तिसरं वाक्य मुलं मोठ्यांपेक्षा लवकर लिहितात.

१६. साठ रव्यांची तपासणी केली, एकातही भेसळ सापडली नाही. "भेसळ होत नाही" म्हणू शकतो ना?

नाही, पण "काहीच सांगता येत नाही" असंही नाही. यासाठी तीनचा नियम आहे : न तपासलेल्यांपैकी सगळे शुद्धच असतील याची खात्री नसते, पण तपासलेल्यांच्या संख्येने ३ ला भागलं की ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा मिळते. ६० त शून्य, म्हणजे भेसळीचं खरं प्रमाण जास्तीत जास्त सुमारे ५ टक्के. निष्कर्षात असंच लिहा. ही मर्यादा १ टक्क्यावर आणायची असेल तर ३०० रवे लागतील. ते प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या आधणांतले हवेत आणि यदृच्छेने निवडलेले हवेत. दुकानदाराने स्वतः काढून दिलेल्या रव्यांना हा नियम लागू होत नाही.